दुसरं बोलावणं

भडगावहून पाचोऱ्याकडे जाताना गिरणेच्या काठाला एक गाव लागतं. त्या गावात लग्नाची पत्रिका कुणी वाचत नाही. पत्रिका येते, देवापुढे ठेवली जाते आणि पुढे तिच्या कोऱ्या पाठीवर पोरं गणितं करतात. लग्न कुणाचं, जेवायला एकानं जायचं की सगळ्यांनी, हे सांगायचं काम वच्छलाबाईचं. तिच्या आधी ते तिच्या सासूचं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ती निघते. डोक्यावर पदर, पायात चपला नाहीत. दारोदार काढा-घाला कोण करणार. उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि म्हणते, "ओ माय, बन्सीलालभाऊना घरनं आवतन शे. चूलबंद."

चूलबंद या एका शब्दावर त्या घरची चूल दिवसभर पेटत नाही. कडेवरच्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत बठ्ठ्यांनी यायचं. घरची बाई आतूनच म्हणते, "येतस, माय." आणि पुन्हा आपल्या कामाला लागते. जागची हलत नाही. कारण पहिल्या आवतनाला उठला तो हावरा, असा गावचा कायदा आहे. दुपारी स्वयंपाक झाला की वच्छलाबाई दुसऱ्यांदा फिरते. "चला माय, पंगत बठनी." तेव्हा कुठे गल्लीच्या गल्ली उठते. मागे एकदा जळगावचे कोणी साहेब सकाळच्या आवतनालाच येऊन मांडवात बसले होते. ऊन डोक्यावर येईपर्यंत एकटेच. गावात त्यांचं नाव अजून 'उपाशी साहेब' असंच आहे. ते आता निवृत्त झाले, तरी.

दोन बोलावण्यांच्या मधे वच्छलाबाई आणखी एक काम करते. लग्नघरच्या मागच्या अंगणात जाते, विस्तवाच्या चरावरच्या पातेल्याचं झाकण फडक्यानं उचलते, वरणातला दाणा बोटात दाबून बघते, बट्टी फोडून बघते. मगच दुसऱ्या फेरीला निघते. आचारी चिडवतात, "आली सीआयडी. अक्का, मीठ पन तपास."

"मीठ तुन्हा तोंडमा जास्त शे, वरनमा कमीच ऱ्हाई," ती म्हणते आणि झाकण ठेवते.

हे तिला सासूनं शिकवलं होतं. लोक आपल्या शब्दावर चूल बंद करून बसतात. वरण कच्चं निघालं आणि पंगत ताटकळली, तर घरधन्याची चूक दोन दिवसांत विसरतात, बोलावणाऱ्या बाईची विसरत नाहीत. सासू म्हणायची, "लोकेसना पोटशी खेयू नको. झाकन उघाडीसन देख, मंग बोलाव."

आणि एक गोष्ट तिच्यावर आयुष्यात एकदाच आली होती. आवतन मागे घेण्याची. नवरीचा आजा लग्नाच्या सकाळीच गेला. वच्छलाबाई पुन्हा दारोदार फिरली, "आवतन ऱ्हायनं, माय." दरेक दारात बाईचा हात थांबला आणि एकच प्रश्न आला, "कोन गयं?" दुसऱ्या कशासाठी त्या गावात दिलेलं आवतन परत घेत नाहीत.

हे सगळं माहीत असलेला आणि तरी शिकून शहाणा झालेला माणूस गावात एकच होता. लीलाधर.

लीलाधरचं घर आणि वच्छलाबाईचं घर यांच्यात एक भिंत. वच्छलाबाई नवी नवरी होऊन आली त्याच वर्षी लीलाधरची आई गेली. पोरगं शाळेतून यायचं आणि भिंतीला टेकून बसायचं. वच्छलाबाई भिंतीवरून भाकर द्यायची, वर मिरचीचा ठेचा. "भाकर कोठे गयी?" सासू विचारायची. "मांजर लई गयी," ती सांगायची. सासू म्हणायची, "मांजरले दूध बी दे मंग." पुढे राखी सुरू झाली, भाऊबीज सुरू झाली. लीलाधर डी.एड. झाला, धुळ्याकडे नोकरी केली आणि शेवटी गावच्याच जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक होऊन परत आला. पहिल्या दिवशी शाळेत जाण्याआधी तिच्या पाया पडला. ती म्हणाली, "मांजर मोठं व्हयनं."

आल्या आल्या त्यानं पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ठेवलं 'पालक आरोग्य व सुरक्षा'. वरून सूचना यायच्या, तो पुढे टाकायचा. डासांच्या, लशींच्या, उन्हाच्या. प्रत्येक सूचनेखाली अंगठे आणि जोडलेले हात यायचे. मग जंताच्या गोळीचा दिवस आला. ग्रुपवर रंगीत सूचना गेली: मुलांना जेवण करून शाळेत पाठवा. अंगठ्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी पोरं, त्यातली अर्धी उपाशीपोटी. गोळीचा डबा उघडून आरोग्य केंद्राची सिस्टर बसून राहिली.

त्या संध्याकाळी लीलाधर वच्छलाबाईच्या ओट्यावर येऊन बसला. "अक्का, बठ्ठास्नी अंगठा दाखाडा. पोरगं काही धाडं नही."

वच्छलाबाई लसूण सोलत होती. "भाऊ, तुनं ते पहिलं आवतन व्हयनं."

"म्हणजे?"

"पहिलाले कोन उठस? दुसरं बोलावनं कोन करी?"

लीलाधर हसला. मग हसायचा थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई शाळेसाठी दारोदार फिरली. "ओ माय, शाळामा गोयी शे. भाकर खावाडीसन पोर धाड." पोरं आली. सिस्टरला डबा कमी पडला.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. सूचना ग्रुपवर पडायची, ते पहिलं आवतन. वच्छलाबाई दारात यायची, ते दुसरं. गोवरची लस, उन्हाळ्यातली सकाळची शाळा, फाटकाजवळ फिरणारं पिसाळलेलं कुत्रं, हंगामात कापसाच्या गाड्यांमुळे बंद केलेला पुढचा रस्ता. लस टोचायच्या दिवशी ती आधी शाळेत जाऊन बर्फाच्या डब्यात डोकावून यायची. कुत्र्याच्या वेळी तर कुत्रं बघून आली आणि धावत आली. पंधरा ऑगस्टला केंद्रप्रमुखांनी तिला शाल आणि नारळ दिला. माइकवर म्हणाले, "या शाळेची सूचना प्रत्येक चुलीपर्यंत पोचते." नारळ तिनं फोडला नाही. फळीवर, देवाच्या फोटोजवळ ठेवला. नवरा जीवराम म्हणाला, "खोबरं किडी जाई." ती म्हणाली, "किडू दे. मना शे."

पोळा झाला आणि पलीकडच्या गल्लीतल्या कुंदाबाईच्या नातवाचे, योगेंद्रचे डोळे पिवळे झाले. पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी कावीळ सांगितली आणि पाणी कुठलं पितो ते विचारलं. कुंदाबाईची जीभ म्हणजे गावची चक्की, पीठ लगेच सगळीकडे. "घरमा आम्ही उकायेल पानी पेतस. शाळामाच काही तरी शे." मग दुसऱ्या एका पोराला उलट्या झाल्या. पिठाच्या गिरणीवर बाया बोलायला लागल्या. काहींनी पोरं घरी ठेवली.

दिवेलागणीला लीलाधर आला. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला.

"अक्का, गावात अफवा पसरली आहे. ती थांबवली पाहिजे."

"बठ ना आधी. चहा मांडस."

"नको. ऐक. शाळेच्या पाण्यात कोणताही दोष नाही. टाकी धुऊन घेतली आहे, पाण्याची तपासणी झालेली आहे. पालकांनी निर्धास्तपणे मुलांना पाठवावं, असं घरोघरी सांगायचं आहे."

"टाकी कव्हय धुई?"

"परवाच."

"बरं. मी सकाये देखी येस, मंग सांगस."

लीलाधर हसला. "टाकी गच्चीवर आहे, अक्का. लोखंडी शिडी आहे. तू चढणार? या गुडघ्यांनी?"

आतून जीवराम म्हणाला, "चढी जाई ती. उतारासाठे क्रेन बलावनी पडी."

वच्छलाबाईला हसू आलं. लीलाधरलाही आलं. कामिनी, तिची सून, चुलीजवळ होती, तीही हसली. हसता हसता बोलणं टाकीवरून उतरलं.

"आणि मी सांगतोय ना," लीलाधर म्हणाला. मग जरा थांबून, हळू आवाजात, "तुना भाऊ सांगी ऱ्हायना."

संपूर्ण बोलण्यात एवढंच वाक्य तो घरच्या बोलीत बोलला होता. बाकी सगळं शाळेतलं. वच्छलाबाईला हे तेव्हा जाणवलं नाही. नंतर मात्र ती ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा ऐकत राहिली, दात दुखत असताना जीभ तिथेच जावी तसं.

सकाळी ती फिरली. "ओ माय, पानी चांगलं शे. टाकी धुई. पोरं धाडा." दारांमधून "बरं माय" येत राहिलं. कुंदाबाईच्या दारात ती जरा जास्त थांबली.

"तू सांगस म्हनीसन," कुंदाबाई म्हणाली. योगेंद्र अजून खाटेवरच होता. तिनं धाकट्या नातीला दप्तर अडकवलं. "दुसरं कोनी उनं असतं ते दार बी नही उघाडतू."

घरी येऊन बघते तर भूमिका, तिची नात, अजून घरातच. चौथीतली पोर. कामिनी तिच्या वेण्या घालत होती.

"आई, दोन दिन घर ठेवूत का हिले?"

"कसाले? टाकी धुई. लीलाधर सांगस."

"तुम्ही देखी का?"

"मना भाऊ शे तो, कामिनी."

 कामिनीनं वेणीची रिबीन इतकी घट्ट ओढली की भूमिका 'आई' म्हणून ओरडली.

त्याच आठवड्यात शाळेत पाहणी होती. जिल्ह्यातून साहेब येणार होते, स्वच्छ शाळेचा नंबर काढायला. लीलाधरनं वच्छलाबाईला आदल्या दिवशीच निरोप धाडला होता: नवं लुगडं नेसून ये, साहेबांना तुझी पद्धत दाखवायची आहे. दारात कशी सांगतेस ते करून दाखव. ती शाल घेऊन निघाली. भादव्याचं ऊन, रस्त्याला कपाशीची पानंसुद्धा मान टाकून उभी. शाळेच्या आवारात सडा, रांगोळ्या, भिंतीवर ताज्या रंगातल्या सूचना. हात धुवा. पाणी गाळून प्या. लीलाधर स्टुलावर उभा राहून ऑफिसच्या दाराला तोरण बांधत होता. तोंडात दोरी, म्हणून त्यानं नुसती मान हलवून तिला 'ये' म्हटलं.

मधली सुट्टी होती. नळांच्या ओट्याशी पोरं गर्दी करून पाणी पीत होती. ओंजळीनं, थेट नळाला तोंड लावून, एकमेकांना ढकलून. भूमिकाही होती त्यात. वच्छलाबाईच्या घशाला कोरड पडली होती. ओट्यावर स्टीलचा पेला होता. तिनं तो भरला आणि तोंडाजवळ नेला.

"अक्का, ते नको."

स्टुलावरून लीलाधर म्हणाला. तोंडातली दोरी काढून. "आत जारनं पानी शे, ते ले."

अगदी सहज म्हणाला. चुलीकडे रांगणाऱ्या पोराला आई हातातलं काम न थांबवता म्हणते ना, तसं. म्हणून झाल्यावर त्याला कळलं तो काय म्हणाला. तोरण त्याच्या हातातून एका बाजूनं सुटलं आणि लोंबत राहिलं.

वच्छलाबाईनं पेला खाली ठेवला नाही. तो तसाच हातात घेऊन ती ऑफिसात गेली. कोपऱ्यात निळा जार होता, पालथा घातलेला, खाली नळी. टेबलावर गुरुजींच्या, मॅडमच्या बाटल्या ओळीनं. मोहिनी मॅडम, धुळ्याहून नव्यानं आलेली मुलगी, हजेरीचा कागद भरत होती. ती उठून उभी राहिली.

लीलाधर मागोमाग आत आला. दार लोटून घेतलं.

"हाऊ जार कोनासाठे शे?" वच्छलाबाईनं विचारलं.

"स्टाफसाठी."

"आनि पोरेसले?"

"अक्का, आवाज हळू. साहेब येतील आता."

"मी हळूच बोली ऱ्हायनू. पोरेसले काय?"

लीलाधरनं कपाळाचा घाम पुसला. "सिस्टरनी नमुना नेला होता. चांगला नाही आला. संडासामागे पाइप फुटलाय, गटारीजवळ. पण मी औषध टाकलंय टाकीत. पाहणी झाली की लगेच..."

"टाकी धुई व्हती?"

"धुणारच होतो. माणूस मिळाला नाही."

"औषध टाकं ना तू?"

"टाकलं. शपथ."

"मंग माले काब्र नही पेवू दिनं?"

बाहेर पोरांचा गोंगाट चालला होता. नळ चालू होते, ते आतही ऐकू येत होतं. लीलाधरनं एकदा मोहिनी मॅडमकडे बघितलं, एकदा जारकडे.

"तुनी काळजी शे माले," तो म्हणाला. आता शाळेतली भाषा त्याच्या तोंडून पार गळून पडली होती. "सांग, मी तुले पेवू दिनं का? आवाज दिना ना लगेच?"

"मनी नातले पेवू दिनं."

"अक्का..."

"रोज पेवू दिनं. मना तोंडथून सांगाडीसन."

"आजचा दिवस," तो म्हणाला. हात जोडले नाहीत, पण बोटं एकमेकांत अडकवली. "जिल्ह्यात नंबर आला तर पाइप नवा मिळेल, टाकी नवी मिळेल. अर्ज करून करून मी थकलो. हे पोरांसाठीच आहे ना? आजचा दिवस सांभाळ. मंग मना मुस्काटमा मार."

वच्छलाबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. भिंतीला टेकून बसणारं पोरगं तिथे कुठे दिसतं का ते ती शोधत होती. आणि तिला ते दिसलं. तेच तर वाईट होतं. तो दुसरा कुणी झालेला नव्हता. तोच होता, भाकरीच्या वासानं भिंतीजवळ येणारा. त्याला ठाऊक होतं की अक्का त्याच्या शब्दावर झाकण उघडणार नाही. सगळ्या गावात या एका माणसासाठी ती झाकण उघडणार नाही, हे त्याला बरोबर ठाऊक होतं, आणि म्हणून तो तिच्याच ओट्यावर आला होता.

"मॅडम, तुले मालूम व्हतं?" तिनं मोहिनीला विचारलं.

मोहिनीनं मान खाली घातली. "सरांनी आम्हाला सांगितलं होतं, बाटल्या घरून आणा म्हणून. मला वाटलं, पालकांनाही सांगितलं असेल." मग पुढे, अगदी बारीक आवाजात, "नाही. तसं वाटलं नव्हतं."

एवढं बोलून ती बाहेर गेली. नळांच्या ओट्याखाली एक चावी होती, ती दोन्ही हातांनी फिरवली. नळ खोकल्यासारखे आवाज करत थांबले. पोरं तोंड वर करून वाट बघत राहिली.

फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. लीलाधर तोरण सरळ करायला धावला. वच्छलाबाईनं पेल्यातलं पाणी अंगणात रांगोळीवर ओतलं नाही, कडेला, भिंतीशी ओतलं. पेला ओट्यावर पालथा ठेवला. शाल जारच्या शेजारी खुर्चीवर राहिली. तिनं भूमिकाचा हात धरला आणि आत येणाऱ्या गाडीच्या बाजूनं ती फाटकाबाहेर पडली. मागून लीलाधरचा आवाज येत होता, स्वच्छ, शाळेतला: "या साहेब. या."

पहिलं दार पहिल्याच गल्लीतलं. बाई कापडं वाळत घालत होती.

"ओ माय," वच्छलाबाई म्हणाली, "आवतन मांगे लेस."

बाईच्या हातातलं ओलं लुगडं थांबलं. "कोन गयं, अक्का?"

"कोनी नही. शाळानं पानी खराब शे. पोरले लई ये घर."

दुसरं दार. "कोन गयं?" तिसरं दार. "कोन गयं, माय?" एका म्हातारीनं तर ऐकूनच घेतलं नाही, 'आवतन मांगे' एवढं कानावर पडताच तिनं पदर तोंडाला लावला आणि लीलाधरचं नाव घेऊन विचारलं, "मास्तर गया का?"  वच्छलाबाई भूमिकाचा हात धरून पुढच्या दाराकडे गेली.

कुंदाबाई ओट्यावरच होती. तिनं विचारलं नाही कोण गेलं ते. वच्छलाबाईचं सगळं सांगून होईपर्यंत गप्प बसली. कुंदाबाई गप्प बसलेली गावात कुणी पाहिली नव्हती.

"टाकी धुई सांगं तू," ती शेवटी म्हणाली.

"सांगं."

"झाकन नही देखं?"

"नही."

"वरनना दाना दाबी देखस तू," कुंदाबाई म्हणाली. "बट्टी फोडी देखस. आनि आमना पोरेसनं पानी नही देखं."

ती उठली, चप्पल घातली आणि धाकट्या नातीला आणायला शाळेकडे निघाली. तिच्यामागून गल्लीतल्या बाया. साहेबांनी त्या दिवशी नेमकं काय पाहिलं ते गावाला कळलं नाही, पण आवारभर आया आपापली पोरं हाताला धरून नेत होत्या एवढं पाहिलं असणार.

मग सगळं झालं जे आधी व्हायला हवं होतं. पाइप उकरला, बदलला. टाकी रिकामी केली. तळाला काय निघालं ते बघायला अर्धं गाव शिडीखाली उभं होतं. आरोग्य खात्याची गाडी आली, घरोघरी पोरांचे डोळे बघून गेली. बरीच पोरं आजारी पडली. भूमिकाही पडली. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पण ती पोर कितीतरी दिवस फळीकडे बघत पडून होती आणि आजीनं दिलेलं पेजेचं भांडं हातानं बाजूला सारत होती. वच्छलाबाई तिच्या उशाशी बसून राहायची. कामिनी एक शब्द वाईट बोलली नाही. फक्त भूमिकाचं पाणी ती स्वतः उकळायची, स्वतः झाकायची आणि सासूनं तांब्या पुढे केला तर म्हणायची, "ऱ्हाऊ द्या आई, मी देस."

लीलाधरची चौकशी झाली आणि बदली झाली, भुसावळकडच्या शाळेत. घर इथंच, सकाळी पाचोऱ्याहून गाडी धरायची, संध्याकाळी परत. भाऊबीजेला वच्छलाबाईनं पाट मांडला नाही. तो आला की नाही ते तिनं बघितलं नाही. दार आतून लावून घेतलं आणि तूर निवडत बसली. जीवराम ओट्यावर होता. तो नंतर एवढंच म्हणाला, "भिंतजोडे उभा व्हता. गया."

फळीवरचा नारळ तिनं हलवून पाहिला. आतलं पाणी आटलं होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि बन्सीलालच्या पोरीचं लग्न निघालं. बन्सीलालच्या बायकोला आवतनाला दुसरी कोणी हवी होती, हे गावाला कळलं तसं वच्छलाबाईलाही कळलं. पण बन्सीलाल स्वतः आला. "गावले सवय शे तुनी," तो म्हणाला. भरवसा आहे, असं म्हणाला नाही. तिनं ते ऐकलं आणि सुपारी घेतली.

सकाळी ती फिरली. "चूलबंद, माय." घराघरातून "येतस" आलं. तिला ते पूर्वीपेक्षा हळू वाटलं. कदाचित तसं नसेलही. दुपारी ती मागच्या अंगणात गेली. एकेक झाकण उचललं. वरण, गंगाफळाची भाजी, बट्ट्या. पाण्याच्या पिंपाचंही झाकण उचललं, आत वाकून बघितलं, तळापर्यंत. आचारी बघत होते. सीआयडी कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या फेरीला कुंदाबाईच्या दारात ती म्हणाली, "चाल माय, पंगत बठनी."

कुंदाबाईनं पदर नीट केला. योगेंद्र शेजारी उभा होता, डोळे आता पांढरे. "झाकन देखं का?"

"देखं."

"पानीनं बी?"

"पानीनं बी देखं."

कुंदाबाईनं मान हलवली. मग सुनेकडे वळून, वच्छलाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात, पण टोमणा न मारता, रोजचं काम सांगावं तसं म्हणाली, "जाय व, तू एक डाव देखी ये. मंग निंघूत."

सून मांडवाकडे गेली. वच्छलाबाईनं तिला वाट दिली आणि पुढच्या दारी गेली.

शेवटचं घर लीलाधरचं होतं. भिंतीपलीकडचं. चूलबंद म्हणजे कोणतंही घर सुटत नाही. आवतन घरधन्याचं असतं, बोलावणारीचं नसतं. सकाळी त्याची बायको दारात होती, ती "येतस" म्हणाली होती. आता तोच होता. रविवार, सुट्टी. अंगात बनियन, चेहरा उतरलेला. तिला बघताच उभा राहिला.

"चाल, पंगत बठनी," ती म्हणाली. जे सगळ्यांना म्हणाली होती तेच, त्याच आवाजात.

"अक्का, जरा बठ."

"पंगत वाट देखी ऱ्हायनी."

"पानी तरी ले."

आवतन घेऊन आलेल्या बाईला पाणी विचारायचं, ही रीत होती. सकाळपासून किती तरी दारांत तिला कुणी विचारलं नव्हतं. तो आत गेला आणि तांब्या घेऊन आला. पितळेचा, त्याच्या आईच्या वेळचा. दोन्ही हातांनी पुढे धरला. तांब्यातलं पाणी हलत होतं.

वच्छलाबाईला तहान होती. सकाळपासून अनवाणी फिरत होती, ओठ सुकले होते. तिनं तांब्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. हात पुढे केला नाही.

"आधी तू पी," ती म्हणाली.

लीलाधर तांब्या धरून उभा राहिला. मांडवातून ताटं मांडल्याचा आवाज आला. वच्छलाबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि वळली. पंगत तिच्या शब्दावर बसायची होती आणि आज तिनं पिंपाचा तळ पाहिलेला होता.